चूलबंद आवतण

सुधाकरराव बारंगे मारुतीच्या देवळातल्या माइकसमोर उभे राहिले, घसा साफ केला, माइकवर दोनदा बोट वाजवलं आणि अख्ख्या बोरटोल्याला जेवायला बोलावलं.

"हॅलो, हॅलो. गावातल्या समस्त लोकायले सुधाकर बारंगेचा राम राम. उद्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात रोडग्याचा कार्यक्रम ठेवला आहे. सगळ्यायले चूलबंद आवतण आहे. घरटी एक नाई, चूलबंद! लेकरं, म्हातारे, पाहुणे, सगळ्यायनं या. उद्या कोणाच्या घरी चूल पेटली नाई पायजे!"

मोहगावच्या पलीकडचं बोरटोला हे लहानसं गाव, आणि तिथे आवतणाचे दोनच प्रकार. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या कोणीतरी एकानं जाऊन पानावर बसून यायचं. 'चूलबंद' म्हणजे सगळं घर जेवायला, त्या वेळी घरात स्वयंपाकच नाही. आता घरोघरी गॅस आला, पण 'गॅसबंद आवतण' असं अजून कोणी म्हणत नाही.

हे आवतण साधं नव्हतं, नवसाचं होतं. दिवाळीनंतर सुधाकररावांच्या छातीत कळ आली, त्यांना नागपूरला न्यावं लागलं, आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून देवकाबाईंनी मारुतीला सांगितलं, "माणूस धड परत आण, गावाला चूलबंद रोडगे खाऊ घालीन." माणूस धड परत आला. जीभही धड परत आली.

आवतण देऊन झाल्यावर सुधाकररावांनी माइकच्या मशीनचा खटका दाबला. खटका 'टक' असा वाजला आणि त्यांचं समाधान झालं. आता खटका वाजला म्हणजे मशीन बंद झालं असं नसतं. पण मशीनचा लाल दिवा कधीचाच गेलेला. आणि आपला आवाज बाहेर जातो आहे की नाही, हे देवळात उभ्या माणसाला कळायला काही मार्ग नव्हता. त्याचं कारणही सुधाकररावच. त्यांचं घर देवळाला लागून. पहाटेच्या भजनानं झोप मोडते म्हणून मागच्या वर्षी त्यांनीच पुढाकार घेऊन कळसापाशी असलेले दोन्ही भोंगे गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर नेऊन बसवले होते. त्यात त्यांचे कान हल्ली निम्म्या पगारावर काम करत.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी देवकाबाई वाती वळत बसल्या होत्या.

"कणीक किती माणसाची धरायची?" त्यांनी विचारलं.

"गाव तं सगळं बोलावलं. पण तीन घरं सोडून मोज."

"चूलबंदात घर सोडते कोणी?"

"अवं, आवतण तं दिलं ना! पण नाई आले तं बरं. पहिला तो प्रकाश नळवाला. येईन, जेवीन, आन देवापुढं हात काही जोडणार नाई. बौद्ध माणूस, तो काहून जोडीन? मंग नवसाच्या जेवणात त्याचं काम काय? दुसरा हेमंत दुकानवाला. पांढुर्णा जिल्हा होऊन इतके दिवस झाले, याचं अजून चालूच आहे, मुख्यालय सौंसरले पायजे होतं. त्याले वांग्याची भाजी वाढली तं भाजीतही सौंसर जिल्हा काढीन! आन तिसरी आपली दामिनी."

"सुखदेवभाऊजीची पोरगी? ते तं घरची आहे!"

"घरची आहे म्हणूनच! पस्तिशीले आली, लग्न नाई करत म्हणते, पॅन्ट घालून ट्रॅक्टर हाकते. उद्या पांढुर्ण्याचे सोयरे येऊन राहिले. त्यायनं पुसलं, हा पोरगा कोणाचा, तं मी काय सांगू?"

देवकाबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "झालं तुमचं?"

"झालं."

"मंग जा, दुकानातून गूळ घेऊन या. मी दिवा लावते आन येते."

सुधाकरराव चपला घालून निघाले. संध्याकाळची हवा मोठी छान होती. पहिल्याच वळणावर धाकटा भाऊ सुखदेव ओट्यावर आरसा टांगून दाढी करत होता. एक गाल झाला होता, एक राहिला होता. मोठ्या भावाला पाहताच तो तसाच, साबणाच्या गालासकट आत गेला आणि दार लावून घेतलं. पोटात गडबड असेल, असं सुधाकररावांना वाटलं. पुढे नळावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीची बादली भरून वाहू लागली तरी ती त्यांच्याकडेच पाहत राहिली.

टाकीजवळ प्रकाश सोमकुंवर व्हॉल्व्ह फिरवत होता. बरोबर भोंग्यांच्या खाली.

"जय भीम, काकाजी."

"राम राम." सुधाकररावांनी नेहमीप्रमाणे टाकीकडे पाहून उत्तर दिलं.

"भोंगा आज एकदम साफ वाजून राहिला."

"मीच लावला ना तो!" सुधाकररावांची छाती फुगली. "आयकू आलं ना आवतण?"

"हाव. आवतणही आयकलं, मागचंही आयकलं. एक शब्द नाई सुटला."

मागचं म्हणजे काय, हे विचारावं असं सुधाकररावांना वाटलं नाही. हेमंतच्या दुकानात पाच-सहा माणसं बाकावर बसली होती. ती सगळी एकदम उठली आणि सुधाकररावांना बसायला अख्खा बाक मिळाला.

"काय देऊ, काकाजी?"

"गुळाची भेली दे."

"हा घ्या गूळ. वांगे कोणते देऊ, सौंसरचे की पांढुर्ण्याचे? एका गंजात शिजवले तं भांडण नाई व्हायचं?"

गुळाची भेली सुधाकररावांच्या हातातून सुटली आणि त्यांच्याच अंगठ्यावर पडली. कळ डोक्यापर्यंत गेली, पण ती कुठली, अंगठ्याची की वांग्यांची, हे त्यांना समजेना.

"हे... हे तुले कोणी सांगतलं?"

हेमंतनं बोट वर केलं. सुधाकररावांना आधी वाटलं, देवानं. मग त्यांनी बोटाच्या रोखानं पाहिलं. दूर टाकीवर दोन भोंगे चार महिन्यांच्या बाळासारखे आ वासून बसले होते.

डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती. तरी सुधाकरराव पळाले. बायका बाजूला झाल्या, सुखदेवचं दार किलकिलं झालं आणि परत लागलं. देवकाबाई हातात ताट घेऊन शांतपणे पायऱ्या उतरत होत्या. सुधाकररावांनी आत धाव घेतली आणि मशीनची पिनच भिंतीतून उपटली.

"अवं, चालू होतं! माइक चालू होता! सगळ्या गावानं आयकलं!"

"छातीत दुखून राहिलं का?"

"छातीले काय झालं! तोंडानं घात केला!"

देवकाबाईंनी ताट पायरीवर ठेवलं आणि पदरानं हात पुसले. "माझा नवस काय होता? चूलबंद. एक जरी चूल पेटली तं नवस अधुरा. आता तीन चुली पेटतीन. त्यात एक आपल्या सुखदेवभाऊजीची. बोलले तुमी, आता आणाही तुमीच."

"आणतो ना! त्यात काय? आता माइकवरूनच माफी मागतो. दोन मिनिटाचं काम." सुधाकररावांनी पिन परत भिंतीत खुपसली, खटका दाबला, माइकवर बोट वाजवलं. वरचा पंखा फिरता फिरता मंद झाला आणि थांबला.

लाइट गेली होती.

बोरटोल्याची लाइट एकदा गेली की कधी येईल, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बोललेलं सगळं एका दमात घरोघरी पोचलं होतं. ते परत घ्यायला मात्र एकेका दारात जावं लागणार होतं.

दामिनी शेडमध्ये ट्रॅक्टरखाली निजली होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते. पॅन्टच होती.

"दामिनी, मी आहो."

"मोठेबाबा, तो मोठा पाना द्या जरा."

सुधाकररावांनी वाकून पाना दिला. "ते मी... भोंग्यावर..."

"आयकलं."

"राग आला अशीन तुले."

"मले कायचा राग? तुमी रोज ओट्यावरून हेच तं बोलता. आज गावानंही आयकलं, एवढंच."

हे ऐकून सुधाकररावांना जास्तच बसल्यासारखं झालं. रोज? आपण रोज बोलतो? त्यांना तर वाटत होतं की ते मनातल्या मनात बोलतात.

"उद्या येशीन ना?" त्यांनी विचारलं.

"पॅन्ट घालून चालते?"

"चा... चालते."

"आन सोयऱ्यायनं पुसलं, हा पोरगा कोणाचा?"

सुधाकररावांनी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाकडे पाहिलं. "सांगीन, पोरगा नाई, पोरगी आहे. आमचीच आहे."

ट्रॅक्टरखाली पान्याचा आवाज थांबला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"ग्रीस गेलं डोळ्यात," दामिनी म्हणाली. "पाहू उद्या."

हेमंत दुकानात मेणबत्ती लावून बसला होता. सुधाकररावांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "हेमंत, गलती झाली. माफ कर."

हेमंतनं मेणबत्ती उचलून त्यांच्या तोंडाजवळ धरली. "काकाजी, तुमीच आहा ना? तुमाले माफी मागता येते, हे मले माहीतच नव्हतं."

"पहिलीच वेळ आहे. बरोबर जमली का?"

"जमली. जरा घाई केली, पण जमली."

"मंग येशीन?"

"दुकान कोण पाहीन? पाहू."

आता राहिलं प्रकाशचं घर. तिथे पोचेपर्यंत सुधाकररावांनी वाटेत दोनदा चपलेतला नसलेला खडा काढला. अंगणात प्रकाश खाटेवर बसला होता. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. सुधाकरराव कित्येक वर्षं या अंगणात येत होते, पाण्याची तक्रार सांगायला, मोटरचं विचारायला. पण तसबिरी आज पहिल्यांदा नीट दिसल्या, कारण आज पाहायला दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

"या, काकाजी. बसा." प्रकाशनं खाट मोकळी केली.

त्याची बायको प्रमिला दारात आली. "चहा मांडू का, काकाजी? की आत्ताच घेतला?"

सुधाकरराव तोंड उघडून तसेच राहिले, कारण तोंडात तेच वाक्य तयार होतं. या अंगणात दर वेळी ते हेच म्हणत आले होते, 'आत्ताच घेतला.' सकाळी आले तरी आत्ताच घेतला, भर दुपारी आले तरी आत्ताच घेतला. कोणाच्या ध्यानात येत नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"मांड," ते म्हणाले.

प्रमिला जागची हलली नाही. "मांडू? खरंच?"

"मांड म्हणतो ना, पोरी."

प्रमिलानं प्रकाशकडे पाहिलं, प्रकाशनं प्रमिलाकडे पाहिलं. "दूध नाई घरात," ती हळूच म्हणाली. "तुमी नाई म्हणसान म्हणूनच इचारलं होतं."

"बिनदुधाचा कर."

काळा, उकळता चहा आला. सुधाकररावांनी तो बशीत ओतला, फुंकला आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजून घेतली. ही जीभ आज भाजायलाच हवी होती, असं त्यांना वाटलं.

"प्रकाश, मी जे बोललो..."

"जाऊ द्या, काकाजी. तुमच्या मागून काकूचा कार्यक्रम झाला ना, त्यात सगळं पुसून गेलं."

"कोणत्या काकूचा?"

"देवकाकाकूचा. तुमी टाकीवरून दुकानाकडं गेले, मंग काकू देवासंग हळूच बोलल्या, तुमच्या कानाले नशीन आयकू आलं. आमी टाकीखाली उभे राहून सगळ्यायनं आयकलं."

सुधाकररावांनी बशी खाली ठेवली. "ते काय बोलली?"

"नको, काकाजी."

"बोल!"

शेवटी प्रमिलानंच पदर खोचला आणि थेट देवकाबाईंच्या आवाजात सुरू केलं, "देवा मारुती, माणूस वाचवला, तुझे उपकार. पण जिभेचंही काही ऑपरेशन होत अशीन तं पाय बापा. प्रकाशभाऊ याले रोज जय भीम करते, आन हा टाकीकडं पाहून राम राम करते, जसं काही टाकीनंच नमस्कार केला. तरी त्यानं आमचं पाणी कधी एक दिवस बंद नाई केलं. हा वादात जिंकला नाई तं जेवत नाई, म्हणून हेमंत मुद्दाम हारते. दामिनी याच्या मोबाइलमधी पैसे टाकते, आन हा त्याच मोबाइलवर तिच्या पॅन्टच्या गोष्टी करते. देवा, एवढे दिवस अख्खं गाव मिळून या माणसाले सांभाळून राहिलं. मी एकटी असती तं कवाच माहेरी गेली असती."

सुधाकररावांच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य फिरत होतं.

"हेमंत मुद्दाम हारते?" त्यांनी विचारलं.

"तुमाले माहीत नव्हतं?" प्रकाशला आश्चर्य वाटलं.

जिल्ह्याचा वाद, खताचा वाद, बाजारसमितीचा वाद. इतक्या वर्षांचे सगळे विजय सुधाकररावांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि एकेक करून खाली बसले. आजवर त्यांना वाटत होतं की गावातल्या कोणाला जवळ करायचं आणि कोणाला नाही, हे ते ठरवतात. इथे तर गावानंच त्यांना कडेवर घेतलेलं होतं आणि हात दुखतात म्हणून कोणी कुरकुरलंही नव्हतं.

"उद्या या," ते उठता उठता म्हणाले. "हात नका जोडू. पण या."

"टाकीचं काम काढलं आहे उद्या," प्रकाश म्हणाला. "पाहू."

घरी येऊन ते देवकाबाईंसमोर उभे राहिले. "एक सांग. माइक चालू आहे, हे तुले माहीत होतं का?"

"मले काय समजते त्या मशीनमधलं?" देवकाबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून कणीक चाळू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. कणीक चाळताना हलतात त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुधाकरराव बगीच्यात हजर. माघ महिना, झाडांना फुलं लागलेली, वास सगळीकडे. झाडाखाली परातींत कणकेचा डोंगर, बाजूला गोवऱ्यांचा ढीग. पांढुर्ण्याचे सोयरे इस्त्रीचे कपडे घालून सतरंजीवर बसले होते, आणि इस्त्रीच्या कपड्यांत कणीक मळता येत नाही. रोडगे म्हणजे काही चार पोळ्या नव्हेत. जाड कणीक मळायची, तेलाचे पदर द्यायचे, गोळे वळायचे, मग गोवऱ्यांचे निखारे करून त्यात ते भाजायचे. गावचे हात लागतात. आणि गावाचा एकही हात दिसत नव्हता.

"पेटल्या चुली," सुधाकरराव पुटपुटले. देवकाबाई डोळ्यांवर हात धरून वाटेकडे पाहत राहिल्या. ते पाहणं सुधाकररावांना छातीतल्या कळेपेक्षा जड गेलं.

तेवढ्यात सायकलवरून प्रकाश आला. मागे प्रमिला, तिच्या मांडीवर परात.

"टाकीचं काम?" सुधाकररावांनी विचारलं.

"टाकी काही पळून नाई जात. काकाजी, मी हात जोडायले नाई आलो, आधीच सांगतो. रोडगे वळायले आलो." आणि त्यानं बाह्या वर केल्या.

मागून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. दामिनी पॅन्ट घालून ट्रॅक्टर हाकत होती आणि मागच्या ट्रॉलीत गाव होतं. नळावरच्या बायका, लेकरं, काठ्या धरलेले म्हातारे, एका गालाची दाढी राहिलेला सुखदेव, आणि मधोमध तुपाचा डबा मांडीत घेऊन हेमंत.

"हा पोरगा कोणाचा?" एका सोयऱ्यानं विचारलंच.

"पोरगी आहे. आमचीच आहे," सुधाकरराव म्हणाले. "आन सांभाळून बोला, घरी जायले तिचाच ट्रॅक्टर आहे तुमाले."

मग काय विचारता! दुपारपर्यंत धूर, हसणं आणि आरडाओरडा. नैवेद्याच्या वेळी सगळे मारुतीच्या तसबिरीपुढे डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. प्रकाश एकटा निखाऱ्यांजवळ बसून रोडगे उलटत होता. सुधाकररावांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. त्यांच्या मनात आलं, एवढे सगळे डोळे मिटून उभे असताना रोडगे करपू नयेत म्हणून कोणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेच होते. त्यांनी डोळा परत मिटला.

पंगत बसली. सुधाकरराव स्वतः रोडग्यांची पाटी घेऊन वाढू लागले. सगळ्यांकडे पाहून गोड हसत होते. हेमंतनं रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "काकाजी, या वक्ती संत्रं नाई पानात. मी तं म्हणतोच, तुमी आंबिया बहार घेता ते चूक. मृग बहार घेतला असता तं आज झाडावर संत्रे असते."

पंगत थबकली. आंबिया बहार, म्हणजे थंडीत फूल धरून दिवाळीच्या सुमारास फळ घेणं, हा सुधाकररावांचा जीव की प्राण. त्यावर कोणी बोललं की ते झाडाच्या मुळापासून बाजारभावापर्यंत बोलत.

"बरोबर आहे तुझं," सुधाकरराव नम्रपणे म्हणाले. "अजून वाढू?"

कोणाचा घास हातात राहिला, कोणाचा तोंडात. सुखदेव अर्धा उठला. देवकाबाई वरणाची बादली टाकून धावत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाई आला? अवं दामिनी, ट्रॅक्टर काढ!"

"मी चांगला आहो!" सुधाकरराव म्हणाले. "आता मी कोणासंग वाद करत नाई."

हेमंतनं घास पानात ठेवला. त्याचं तोंड उतरलं होतं. "काकाजी, असं नका करू ना. तुमी गप राहिले तं मले जेवण जाणार नाई. एवढे दिवस आयकून आयकून सवय पडली. काहीतरी बोला."

सुधाकररावांनी पंगतीकडे पाहिलं. प्रकाश हसू दाबत होता, दामिनी दाबतही नव्हती. त्यांनी पाटी खाली ठेवली, बाह्या सावरल्या, हेमंतसमोर उकिडवे बसले.

"मृग बहार? मृग बहार म्हणतो तू? लेका, पाऊस लांबला तं फूल कोण आणीन तुया मृगाले? पण आयक, एक अट आहे. आज मुद्दाम हारायचं नाई."

"नाई हारत," हेमंत म्हणाला आणि सरसावून बसला. "आधी मले सांगा, मागच्या साली तुमच्या आंबियाचं किती फळ गळलं?"

"फळ गळलं ते वादळानं!"

"वादळ माह्या शेतातही आलं होतं!"

पंगतीनं सुटकेचा श्वास सोडला आणि सगळे जेवायला लागले. आंबिया बहाराची बाजू मांडता मांडता सुधाकररावांचा हात पाटीकडे जात होता आणि परत येत होता. हेमंतच्या पानात चौथा रोडगा कधी पडला, हे वाढणाऱ्याला कळलं नाही आणि खाणाऱ्यालाही.